मल्टिटच आणि जेश्चरसाठी सॉफ्टवेअर लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेश्चर ओळखणारी एक छोटी लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) आम्ही काही वर्षं सांभाळतो आहोत. तिच्या निमित्ताने जे प्रश्न येतात त्यातले बरेचसे लायब्ररीबद्दल नसतातच, बोटांबद्दल असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहून कंटाळा आला, म्हणून ती एका जागी आणून ठेवली आहेत. पहिले काही प्रश्न नवख्यांसाठी आहेत. एखादी अडचण घेऊनच आला असाल तर आधी ९ आणि १० वाचा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

१. मल्टिटच आणि जेश्चर म्हणजे एकच ना?

नाही. हा गोंधळ कोडमध्ये उतरला की पुढे फार छळतो. एकापेक्षा जास्त बोटं या क्षणी कुठे आहेत हे हार्डवेअर सांगतं, ते मल्टिटच. त्या बोटांच्या हालचालीला आपण जो अर्थ लावतो, ते जेश्चर. एका बोटाने केलेला स्वाइप जेश्चर आहे, पण त्याला मल्टिटच लागत नाही. स्क्रीनवरचा पियानो दहा बोटांनी वाजवला तर तिथे मल्टिटच आहे, पण जेश्चर एकही नाही. म्हणून कोडचे दोन थर करा. खालचा थर फक्त बोटांचा हिशेब ठेवेल आणि वरचा अर्थ लावेल. खालच्या थराला ‘झूम’ हा शब्द माहीतसुद्धा नसावा.

२. हे सगळं २००७ च्या आयफोनपासून सुरू झालं ना?

लोकांच्या खिशात तेव्हा आलं. कल्पना त्याहून पंचवीस वर्षं जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये अनेक बोटं ओळखणारी यंत्रणा केली होती. तिथल्याच बिल बक्स्टन आणि सहकाऱ्यांचा मल्टिटच टॅब्लेटवरचा शोधनिबंध १९८५ चा आहे. वेन वेस्टरमन आणि जॉन इलियास यांची फिंगरवर्क्स ही कंपनी १९९८ ची. ती २००५ मध्ये अ‍ॅपलने घेतली. त्याच २००५ मध्ये जेफ हान यांनी अ‍ॅक्रिलिकची काच, इन्फ्रारेड एलईडी आणि कॅमेरा वापरून स्वस्तात मल्टिटच पृष्ठभाग करून दाखवला. त्यानंतर घरच्या घरी टेबलं बनवणाऱ्यांची लाटच आली. आज वापरात असलेली काही साधनं त्याच काळातली आहेत (प्रश्न १७).

३. शिकायला टच टेबल किंवा खास स्क्रीन विकत घ्यावी लागेल का?

नाही. हातातला फोन आणि ब्राउझर पुरतो. वेबवर पॉइंटर इव्हेंट्स (इव्हेंट म्हणजे काही घडल्याची प्रोग्रामला मिळणारी बातमी) वापरा. माउस, पेन आणि बोट तिन्ही एकाच दारातून येतात आणि प्रत्येक बोटाला स्वतःचा आयडी मिळतो. याआधीचे टच इव्हेंट्स (२०१३ चं मानक) अजून चालतात, पण नव्या कामाला ते घेऊ नका. पॉइंटर इव्हेंट्सचं मानक २०१५ मध्ये आलं. सफारीने ते स्वीकारायला २०१९ उजाडलं, म्हणून जुने लेख अजून टच इव्हेंट्सच शिकवताना दिसतात.

पहिला प्रोग्राम मात्र झूमचा लिहू नका. प्रत्येक बोटाखाली एक वर्तुळ काढा आणि वर्तुळात त्या बोटाचा आयडी लिहा. बोट उचललं की वर्तुळ गेलं पाहिजे, एवढंच. ही तीसेक ओळींची गोष्ट पुढे प्रत्येक प्रकल्पात डीबगचा, म्हणजे दोष शोधण्याचा, थर म्हणून कामी येते. आमच्याकडे ‘जेश्चर चालत नाही’ म्हणून कोणी आलं की आम्ही आधी हा थर चालू करायला सांगतो. पुष्कळदा एखादं वर्तुळ बोट नसताना स्क्रीनवर बसलेलं दिसतं आणि दुखणं कळतं.

४. प्रोग्रामला प्रत्यक्षात मिळतं तरी काय?

चार प्रकारच्या बातम्या: बोट टेकलं, सरकलं, उचललं गेलं आणि रद्द झालं. दोन बोटांनी केलेल्या एका साध्या झूमची ही नोंद पाहा. सुरुवातीचा आकडा मिलिसेकंदांचा आहे.

० – टेकलं, आयडी ७ (३१०, ५२०)
१८ – टेकलं, आयडी ९ (५०५, ४४०)
३३ – सरकलं, आयडी ७ (३०६, ५२४)
३३ – सरकलं, आयडी ९ (५१०, ४३६)
… असंच चालू …
४१२ – उचललं, आयडी ९
४२९ – सरकलं, आयडी ७ (२४१, ५७७)
४४५ – उचललं, आयडी ७

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. वापरणाऱ्याच्या मते त्याने दोन्ही बोटं ‘एकदम’ टेकवली, पण नोंदीत मध्ये १८ मिलिसेकंद गेलेत. उचलतानाही तेच: ९ गेल्यावर ७ एकटं ३३ मिलिसेकंद स्क्रीनवर होतं आणि तेवढ्यात किंचित सरकलंही. एकदम टेकणारी आणि एकदम उठणारी बोटं फक्त स्पेसिफिकेशनच्या कागदावर असतात. झूम संपताना चित्र शेवटी एक हिसका देतं ते या ३३ मिलिसेकंदांमुळे. उपाय प्रश्न ७ मध्ये आहे.

५. आयडी आणि इंडेक्स यांत फरक काय? मी इंडेक्स वापरतो, बहुतेक वेळा नीट चालतं.

‘बहुतेक वेळा’ म्हणजे पहिलं बोट आधी उचललं जात नाही तोवर. इंडेक्स म्हणजे रांगेतली जागा, आयडी म्हणजे बोटाचं नाव. अँड्रॉइडवर दोन बोटं टेकलेली असताना पहिलं उचललंत तर दुसरं बोट रांगेत पुढे सरकतं आणि त्याचा इंडेक्स १ चा ० होतो. आयडी तोच राहतो. तुमच्या कोडला मात्र वाटतं की पहिलं बोट अचानक दहा सेंटीमीटर उडून गेलं. हिशेब नेहमी आयडीवर ठेवा. इंडेक्स फक्त त्या एका इव्हेंटमधून आकडे काढण्यापुरता वापरा.

लिनक्सच्या कर्नेलमध्येही (सिस्टिमच्या गाभ्यातही) हाच विचार आहे. तिथे प्रत्येक बोटाला एक ‘स्लॉट’ आणि एक ‘ट्रॅकिंग आयडी’ मिळतो. आयडी उणे १ झाला की बोट उचललं गेलं असं समजायचं.

एक अपवाद: दोन बोटं अगदी चिकटली तर काही स्क्रीनना तो एकच ठिपका दिसतो. बोटं पुन्हा लांब गेली की त्यांतल्या एकाला नवा आयडी मिळू शकतो. याला सॉफ्टवेअरमध्ये पक्का इलाज नाही. त्याकडे नवं बोट म्हणून बघा आणि प्रश्न ७ मधली युक्ती वापरा.

६. पिंच-झूमचं (दोन बोटं लांब-जवळ नेऊन चित्र मोठं-लहान करण्याचं) गणित कसं मांडायचं? माझं चित्र बोटांखालून निसटतं.

निसटतं कारण तुम्ही चित्राच्या कोपऱ्याभोवती किंवा मध्याभोवती मोठं करताय. बोटांखालचा चित्राचा भाग बोटांखालीच राहायला हवा, सगळं गणित त्यासाठी आहे.

दोन बोटांमधलं आत्ताचं अंतर भागिले आधीचं अंतर, हे झालं प्रमाण. २०० पिक्सेलचे ३०० झाले तर प्रमाण १.५. आता दोन बोटांचा मध्यबिंदू घ्या, समजा (४००, ३००). चित्राचा वरचा डावा कोपरा (१००, १००) वर आहे. कोपऱ्यापासून मध्यबिंदूपर्यंत ३०० आणि २०० चं अंतर आहे. ते दीडपट केलं की ४५० आणि ३००. नव्या मध्यबिंदूतून हे वजा करा. मध्यबिंदू हलला नसेल तर नवा कोपरा (-५०, ०). मध्यबिंदू हलला असेल तर नवा मध्यबिंदू घ्यायचा. त्याच सूत्रात चित्र सरकवणंही होऊन जातं, वेगळा कोड लागत नाही.

फिरवण्यासाठी दोन बोटांना जोडणाऱ्या रेषेचा कोन काढा आणि आधीच्या कोनातून फरक घ्या. इथे एक जुना खड्डा आहे. कोन १७९ अंशांवरून उणे १७९ वर गेला की नुसती वजाबाकी उणे ३५८ येते. खरा फरक २ अंशांचा असतो. फरक नेहमी उणे १८० ते १८० मध्ये आणून घ्या, नाहीतर चित्र गरकन एक गिरकी घेईल. आणखी एक: बोटं फार जवळ असतील तर छेद लहान होतो आणि प्रमाण भडकतं. एका किमान अंतराच्या खाली झूम बंदच ठेवा.

७. मध्येच तिसरं बोट लागलं किंवा एक बोट उठलं की चित्र उडी मारतं. का?

बोटांची संख्या बदलली की मध्यबिंदू आणि सरासरी अंतर दोन्ही एका झटक्यात बदलतात. कोणीही काही हलवलेलं नसतं, पण आकडे बदललेले असतात. उपाय सोपा आहे: बोट आलं किंवा गेलं की त्या क्षणाची स्थिती नवी सुरुवात म्हणून नोंदवा आणि पुढचे फरक तिथून मोजा. म्हणजे संख्या बदलण्याच्या क्षणी प्रमाण नेमकं १ आणि सरकणं नेमकं ० असेल.

शेवटच्या हिसक्यासाठी (प्रश्न ४) आम्ही आणखी एक करतो. दोनाचं एक बोट झालं की त्या उरलेल्या बोटाने थोडं अंतर कापल्याशिवाय चित्र सरकवायला सुरुवातच करत नाही. हे अंतर किती असावं ते पुढच्या प्रश्नात.

८. टॅप, लाँग प्रेस आणि ड्रॅग वेगळे कसे ओळखायचे? किती पिक्सेल, किती वेळ?

पिक्सेलमध्ये मोजू नका. दाट स्क्रीनवर १० पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटरही नसतं. घनतेशी जुळवलेलं एकक वापरा. अँड्रॉइडवर बोट ‘हललं’ असं मानण्याची मर्यादा साधारण ८ डीपी (अँड्रॉइडचं तसं एकक) आहे आणि दुसऱ्या टॅपची वाट ३०० मिलिसेकंद पाहिली जाते. आयओएसवर लाँग प्रेसला मुळात अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात बोट १० पॉइंटपर्यंत (हे अ‍ॅपलचं तसं एकक) सरकलेलं चालतं. हे आकडे सिस्टिमला विचारून घ्या, कोडमध्ये कोरून ठेवू नका. ज्यांचे हात थरथरतात ते लोक सेटिंगमध्ये जाऊन हे वेळ वाढवतात आणि तुमचा कोरलेला आकडा त्यांच्या सेटिंगवर बोळा फिरवतो.

मर्यादा ओलांडली की एक बारकावा राहतो. ओलांडेपर्यंत झालेली हालचाल चित्राला एकदम लावलीत तर ते सुरुवातीलाच टुणकन उडतं. त्या क्षणापासून नवी सुरुवात धरा, प्रश्न ७ सारखीच.

९. एकच हालचाल दोन-तीन जेश्चर म्हणून ओळखली जाते. भांडण कसं मिटवायचं?

जेश्चरच्या कामातला खरा अवघड भाग हाच. आकार ओळखणं (प्रश्न १५) त्यापुढे काहीच नाही.

सरकणाऱ्या यादीत एक फोटो आहे असं धरा. त्यावर टॅप, डबल टॅप, लाँग प्रेस, स्क्रोल आणि पिंच हे पाचही चालतात. पाचांची सुरुवात सारखीच: एक बोट टेकलं. त्या क्षणी कोण जिंकणार हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून पाचही उमेदवार उभे राहतात. ४० मिलिसेकंदांनी बोट थोडंसं हललं, मर्यादेच्या आतच. अजून कोणी बाद नाही. ७० ला ते मर्यादा ओलांडून खाली गेलं. टॅप, डबल टॅप, लाँग प्रेस बाद, स्क्रोल जिंकला. ९० ला दुसरं बोट टेकलं. आता पिंच म्हणतो, मी पण उमेदवार आहे. जिंकलेल्या स्क्रोलने जागा सोडायची का? याचं बरोबर असं एकच उत्तर नाही. नकाशात सोडावी, लांबलचक मजकुरात सोडू नये असं माझं मत. पण निर्णय घ्या आणि तो एका ठिकाणी लिहा. पाच वेगवेगळ्या फायलींत पाच जण आपापल्या परीने ठरवतात, तेव्हा त्याचं उत्तर रोज बदलतं.

अ‍ॅपलचे जेश्चर रेकग्नायझर (जेश्चर ओळखणारे तयार घटक) २०१० मध्ये आले. ती मांडणी मुळातून समजून घेण्यासारखी आहे, तुम्ही आयओएससाठी लिहीत नसलात तरी. प्रत्येक रेकग्नायझर ही एक स्टेट मशीन, म्हणजे एका वेळी ठरलेल्या अवस्थांपैकी एकीतच असणारी रचना: शक्य, सुरू, बदलतंय, संपलं, रद्द, नापास. शिवाय ‘हा नापास झाला तरच मी उत्तीर्ण’ असं नातं दोघांमध्ये लावता येतं. टॅपने डबल टॅपच्या नापास होण्याची वाट पाहायची, अशी.

या नात्याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक साधा टॅप आता ३०० मिलिसेकंद उशिरा लागू होतो आणि लोक म्हणतात, अ‍ॅप जड आहे. शक्य असेल तिथे टॅपचं काम निरुपद्रवी ठेवा, उदाहरणार्थ निवडणं, आणि ते लगेच करून टाका. डबल टॅप त्यावर भर घालेल, उदाहरणार्थ उघडणं. फायलींची यादी दाखवणारे जुने डेस्कटॉप हेच करत आले आहेत.

साधनं बनवणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. २०१२ मधल्या प्रोटॉन या संशोधन प्रकल्पात जेश्चर रेग्युलर एक्सप्रेशनसारखे (मजकुरातले नमुने लिहिण्याच्या पद्धतीसारखे) लिहिले होते: टेकलं, सरकलं, सरकलं, उचललं. असं लिहिलं की कोणते दोन जेश्चर एकमेकांना छेद देतात हे प्रोग्राम चालवण्याआधीच तपासता येतं. पूर्ण प्रोटॉन बांधायची गरज नाही, पण तुमच्या जेश्चरांची अशी कागदावर यादी केलीत तरी निम्मी भांडणं डोळ्यांना दिसतात.

१०. बोट उचललं तरी प्रोग्रामला ते टेकलेलंच वाटतं. असं का होतं?

कारण बोट ‘उचललं’ ही बातमी आलीच नाही. ‘रद्द’ ही आली आणि तुम्ही ती ऐकली नाही.

आम्हीही यात पडलो आहोत. एका सादरीकरणात नकाशा छान फिरत होता. मध्येच वरून एक नोटिफिकेशन घसरलं, सिस्टिमने बोट आमच्याकडून काढून घेतलं आणि रद्दची बातमी पाठवली. आमच्या यादीत ते बोट तसंच पडून राहिलं. त्यापुढे कोणीही एक बोट टेकवलं की प्रोग्रामला दोन दिसायची, आणि साधं सरकवायला गेलं की नकाशा मोठा होत गिरक्या घ्यायचा. समोर पंधरा माणसं. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते भूत गेलं नाही.

रद्द कधीही येऊ शकतं: सिस्टिमचं काठावरचं जेश्चर, फोन कॉल, तळहात ओळखला जाणं, ब्राउझरने स्क्रोल हातात घेणं (प्रश्न ११), स्क्रीन फिरणं. अशा वेळी बोट यादीतून काढा आणि चालू असलेलं जेश्चर मागे घ्या. रद्द म्हणजे उचलणं नव्हे. बटणावर बोट असताना रद्द आलं तर बटण दाबलं गेलं असं धरू नका. ओढत आणलेली वस्तू मूळ जागी परत न्या. म्हणजे जेश्चर सुरू होतानाची स्थिती तुमच्याकडे जपून ठेवलेली हवी, आणि हे मागाहून घुसवणं त्रासाचं असतं. पहिल्या दिवसापासून ठेवा.

११. ब्राउझरमध्ये माझं ड्रॅग थोडं सरकून थांबतं. फोनवरच होतं, माउसने नाही.

ब्राउझरला वाटलं की तुम्हाला पान स्क्रोल करायचंय. त्याने बोट स्वतःकडे घेतलं आणि तुम्हाला ‘पॉइंटरकॅन्सल’ पाठवला. ज्या घटकावर तुमचं जेश्चर आहे त्याला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘टच-अ‍ॅक्शन’ हा गुणधर्म द्या: सगळंच तुम्ही हाताळणार असाल तर ‘नन’, फक्त आडवं ओढणार असाल तर ‘पॅन-वाय’, म्हणजे उभा स्क्रोल ब्राउझरकडे राहील. संपूर्ण पानाला ‘नन’ लावू नका. वाचणाऱ्याला पान हलवताच येणार नाही.

बोट टेकल्यावर टच-अ‍ॅक्शन बदलून उपयोग नाही. टेकताना जी किंमत होती तीच त्या बोटासाठी चालते.

काही जण टचमूव्हमध्ये (बोट सरकल्याच्या टच इव्हेंटमध्ये) ब्राउझरचं नेहमीचं वागणं थांबवून हेच साधायला बघतात. क्रोमने ५६ व्या आवृत्तीपासून डॉक्युमेंट आणि विंडोवरचे असे लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) मुळातच ‘पॅसिव्ह’ धरले आहेत, म्हणजे तुमची विनंती तिथे कोणी ऐकत नाही.

१२. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी पिंच केलं तर एकही टच इव्हेंट येत नाही.

येणारही नाही. टचपॅडवरची बोटं ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः वाचते आणि त्यांचा अर्थ लावूनच पुढे पाठवते. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये टचपॅडचा पिंच कंट्रोल दाबून चाक फिरवल्यासारखा, म्हणजे व्हील इव्हेंट म्हणून येतो. सफारीत त्याचे वेगळे जेश्चर इव्हेंट आहेत. व्हीलचा लिसनर पॅसिव्ह नाही याची खात्री करा, नाहीतर तुमच्या नकाशाबरोबर पानही मोठं होईल. लिनक्सवर ब्राउझरशिवाय थेट चालणारा प्रोग्राम लिहीत असाल तर लिबइनपुट ही लायब्ररी टचपॅडचे स्वाइप, पिंच आणि होल्ड तयार करून देते.

१३. काढलेली रेषा थरथरते. सरासरी घेतली तर बोटामागे रेंगाळते. मधला मार्ग आहे?

आहे. वन युरो फिल्टर; २०१२ मध्ये गेरी कासिए, निकोला रुसेल आणि डॅनिएल व्होगेल यांनी मांडला. बोट हळू चालतं तेव्हा थरथर डोळ्यांत भरते आणि रेंगाळणं खपतं, वेगात उलट. म्हणून हा फिल्टर वेगानुसार स्वतःची ताकद बदलतो. कोड पानभरही होत नाही.

त्यातले दोन आकडे लावायची रीत अशी. बीटा (वेग वाढला की फिल्टर किती ढिला पडतो तो आकडा) शून्य ठेवा. बोट जवळजवळ स्थिर धरा आणि थरथर जाईपर्यंत किमान कटऑफ (बोट हळू असताना फिल्टर किती कडक ते ठरवणारा आकडा; कमी म्हणजे जास्त कडक) कमी करत या. मग बोट जोरात फिरवा आणि रेंगाळणं सहन होईल इतका बीटा वाढवा. ही जुळवणी प्रत्यक्ष यंत्रावर करा. एका फोनचे आकडे दुसऱ्याला जुळतीलच असं नाही.

१४. लेटन्सी (बोट हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर) किती असली तर चालते?

बोट सेकंदाला ३० सेंटीमीटर वेगाने जात असेल आणि उशीर १०० मिलिसेकंदांचा असेल तर वस्तू बोटाच्या ३ सेंटीमीटर मागे असते. टॅपला हे चालून जातं. ओढताना डोळ्यांना खुपतं, लिहिताना तर असह्य होतं. इव्हेंट हाताळताना जड काम करू नका, फक्त नोंद घ्या आणि चित्र पुढच्या फ्रेममध्ये काढा. चित्रकलेचं अ‍ॅप असेल तर एका फ्रेममध्ये गोळा झालेले मधले बिंदूही मागून घ्या (अँड्रॉइडवर ‘हिस्टॉरिकल’, वेबवर ‘कोअलेस्ड’ या नावाने मिळतात), नाहीतर गोल वळणं तुकड्या-तुकड्यांची दिसतात.

१५. आकार ओळखायचे आहेत: गोल, बाण, तारा. मशीन लर्निंग लागेलच ना?

पंधरा-वीस आकारांसाठी नाही. डॉलर वन हा रेकग्नायझर (२००७) साधारण शंभर ओळींत बसतो. रेषेवर समान अंतरावर बिंदू घ्यायचे, बहुधा ६४. रेषा फिरवून एका ठरावीक दिशेला आणायची. ठरावीक चौकटीत बसवायची. आणि साठवलेल्या नमुन्यांशी बिंदूमागून बिंदू अंतर मोजायचं. मूळ निबंधात आकारामागे एका नमुन्यावर ९७ टक्के, तिनांवर ९९ टक्के अचूकता नोंदली आहे.

तो ज्या तीन ठिकाणी फसतो त्यांबद्दल प्रश्न येत राहतात. दिशा पुसली जात असल्याने वरचा बाण आणि खालचा बाण त्याला एकच. चौकटीत ताणल्यामुळे चौरस आणि आयतही एकच. आणि नुसती सरळ रेघ ताणली की फिसकटते. अनेक तुकड्यांत काढायच्या आकारांसाठी २०१२ चा डॉलर पी बघा. तो रेघांचा क्रम आणि दिशा सोडून फक्त बिंदूंचा ढग बघतो.

१६. कॅमेऱ्यासमोर हवेत हात हलवून चालवायचंय. स्क्रीनवरचीच तत्त्वं लागू होतात का?

अर्धी. काचेवर ‘टेकलं’ आणि ‘उचललं’ फुकट मिळतं; हवेत ते मिळत नाही. कॅमेऱ्यासमोर हात सतत असतोच, मग कोणती हालचाल आज्ञा आणि कोणती नुसती नाक खाजवणं? या अडचणीला मायडास टच म्हणतात: ज्याला हात लावाल त्याचं सोनं, नको तेव्हाही. उपाय म्हणजे टेकण्याला पर्याय शोधणं. मीडियापाइप हे साधन कॅमेऱ्याच्या चित्रातून हाताचे २१ बिंदू देतं. त्यातली अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळली की ‘टेकलं’ धरा. जुळण्याची आणि सुटण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवा. एकच मर्यादा ठेवली तर हात सीमेवर असताना सेकंदाला वीसदा टेकलं-उचललं होतं. अंतर तळहाताच्या आकाराच्या प्रमाणात मोजा, नाहीतर माणूस मागे सरकला की बोटं जुळलेलीच दिसतात.

आणि हात दुखतात. खांद्याच्या उंचीवर हात धरून दोन मिनिटं काम करून बघा, मग मेन्यू आखा.

१७. टीयूआयओ शिकावं का? जुनं वाटतं.

फोन किंवा वेबसाठी नको. कॅमेऱ्यावर चालणारी टेबलं, भिंती, संग्रहालयातली प्रदर्शनं असतील तर हो. २००५ चा हा प्रोटोकॉल बोटांची माहिती नेटवर्कवरून पाठवतो, सहसा यूडीपीच्या ३३३३ पोर्टवर. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तो ‘बोट उचललं’ असं कधीच सांगत नाही. दर वेळी ‘आत्ता जिवंत असलेली बोटं’ यांची यादी पाठवतो. नेटवर्कवरचं एखादं पाकीट (माहितीचा तुकडा) हरवलं तरी पुढच्या यादीत चूक सुधारते. प्रश्न १० मधलं भूत इथे जन्मालाच येत नाही.

१८. मोठ्या स्क्रीनवर चार जण एकदम काम करतात. कोणाचं बोट कोणतं?

साध्या स्क्रीनला ते कळत नाही. डायमंडटच या २००१ च्या टेबलाला कळायचं, कारण बसणाऱ्याच्या खुर्चीतून सिग्नल परत जात असे. सर्वसाधारण स्क्रीनवर बोटं माणसांना वाटू नका, वस्तूंना वाटा. बोट ज्या वस्तूवर टेकलं तिचंच ते शेवटपर्यंत, मग ते सरकून कुठेही जावो. ‘स्क्रीनवर एकूण दोन बोटं आहेत म्हणजे पिंच’ असं लिहिलेला कोड इथे पहिल्या मिनिटात कोसळतो: ती दोन बोटं दोन वेगळ्या माणसांची असतात.

१९. कोणी हात न लावताही टच येतात.

पाण्याचे थेंब, खराब चार्जर, सैल केबल. चार्जर काढून बघा, स्क्रीन पुसून बघा. कोड सगळ्यात शेवटी उघडा.

२०. जेश्चरची चाचणी कशी करायची? हाताने करून करून बोटं दुखली.

खऱ्या माणसांच्या बोटांची नोंद ठेवा आणि तीच पुन्हा चालवा. प्रश्न ४ मधल्यासारखी नोंद फाइलमध्ये लिहिणारा वीस ओळींचा कोड घाला. तक्रार आली की ती फाइल मागवा. लिनक्सवर ईव्हीईएमयू हे साधन हेच काम यंत्राच्या पातळीवर करतं. घड्याळ मात्र नोंदीतलं वापरा, भिंतीवरचं नाही. नाहीतर लाँग प्रेसची चाचणी संथ सर्व्हरवर कधी पास, कधी नापास होईल.

हाताने लिहिलेल्या चाचण्यांत बोटं सरळ रेषेत आणि एकदम टेकतात, म्हणून त्या नेहमी पास होतात. त्यांवर विसंबू नका. रद्दची बातमी नोंदीत प्रत्येक जागी एकेकदा घुसवून पाहणारी चाचणी लिहा. आमचे सगळ्यात जास्त दोष तिने पकडले.

२१. बटण किती मोठं हवं?

अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब सर्वांना, अपंगांनाही, वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत) किमान पातळी २४ सीएसएस पिक्सेलची आहे; ती सीमा समजा, ध्येय नव्हे. दिसणारं चित्र लहान ठेवून दाबायची जागा मोठी ठेवता येते.

२२. ज्यांना दोन बोटं वापरता येत नाहीत त्यांचं काय?

प्रत्येक जेश्चरला एका बोटाच्या साध्या टॅपचा पर्याय द्या: झूमला अधिक-उणेची बटणं, स्वाइपने पुसण्याला मेन्यूतली ओळ. डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) ची तशी अटच आहे. अपवाद फक्त जिथे हालचाल हाच गाभा आहे तिथे, उदाहरणार्थ सही करणं. हे पर्याय एका हातात सामान असलेला माणूसही वापरतो.

२३. आमच्या अ‍ॅपसाठी अगदी नवं जेश्चर शोधलंय. ठेवावं का?

आधी लोकांना विचारा, पण उलट बाजूने. २००९ च्या एका अभ्यासात २० जणांना आधी परिणाम दाखवला आणि मग ‘हे घडवायला तुम्ही काय कराल?’ असं विचारलं. २७ आज्ञांसाठी १०८० जेश्चर जमले. त्यातून दिसलं की किती बोटं वापरली याची लोकांना फारशी फिकीर नसते. म्हणजे ‘दोन बोटांनी स्वाइप केलं तर एक, तीन बोटांनी केलं तर दुसरं’ ही विभागणी आपल्या डोक्यातली असते, त्यांच्या हातातली नाही.

तुमच्या जेश्चरवर हाच प्रयोग पाच जणांवर करा. परिणाम दाखवा, गप्प बसा, हात बघा. पाचांपैकी एकानेही तुमची हालचाल केली नाही तर ती शॉर्टकट म्हणून ठेवा, आणि त्या कामाचं एक बटणही स्क्रीनवर राहू द्या.